यमुनाबाईच्या रडण्याला मिळालेलं बक्षीस

मी ढिवराचा पोट्टा हाय जी. नाव दामोदर, पन दामा म्हनल्याबिगर गावात कोनी वळखत नाई. वैनगंगेच्या अल्याड आमचं गाव, गावाले एक मोठा तलाव अन् दोन बोड्या म्हनजे लहान तळे, तलावात आमा ढिवरायचं जाळं अन् बोड्या दुसऱ्याच्या मालकीच्या, माह्या बापाच्या टायमापासून आजपर्यंत तसंच. बाप मासोळ्या मारे अन् दिवाळी झाली का दंडारीत नाचे, बाईचं सोंग घेऊन नाचे, मिशा काढून, अन् माही माय त्याले म्हने का मिशा घरीच ठेवून जा, परत आले का लावून घेजा, नाई तं लेकरं घाबरते. असं आमचं घर. नाटकाचं याड घरातच होतं, त्यासाठी काई शाळा शिका नाई लागली. शाळा म्हनलं तं मी सातवीपर्यंत शिकलो, म्हनजे आमच्या मोहल्ल्याच्या मानानं कलेक्टरच समजा, साऱ्यायची पत्रं मीच वाचो, जावयाचं पत्र वाचताना सासूच्या तोंडाकडं पाहून काई शब्द गिळून बी टाको.

आता आवाजाचं सांगतो, कारन माहा सारा धंदाच आवाजाचा. सकाळी तलावावर धुकं राहते, एक डोंगा इकडं, एक डोंगा तिकडं, मधात जाळं. तिकडच्याले सांगाचं राहते का ओढ आता, पन वरडलं का मासोळी बुडाशी जाते. म्हनून आवाज असा सोडा लागते का पान्याले लागून जाईन, ज्याले पाह्यजे त्यालेच भेटन अन् मधातल्या मासोळीले पत्ता लागन नाई. बापानं मले हे शिकवलं, मारून मारून शिकवलं. हाच आवाज पुढं मले नाटकात नेईन हे ना त्याले माहीत ना मले.

आमच्या झाडीपट्टीत नाटकाचं कसं हाय ते तुमाले माहीत नसन तं आयका, अन् माहीत असन तरी आयका, कारन शिकलेल्या लोकायले सारं माहीत राहते अन् कळत काईच नाई. धान घरात आलं का गावोगावी मंडई भरते, म्हनजे जत्राच, शंकरपट होते, बैलं धावते, अन् बैलं धावले का नाटक. नाटक नाई तं पट कायचा? लेकीले, जावयाले सांगावा जाते, घरोघरी पाव्हने, पोरी पाहाचे कार्यक्रम बी त्यातच उरकते. कंपन्या साऱ्या वडसा गावच्या. अन् कंपनी म्हनजे काय, तं एक मालक, पडदे, वाजंत्री, अन् कलाकार चार दिशेचे, कोनी नागपूरचा, कोनी गोंदियाचा, कोनी तं बँकेत नोकरीवर, सुट्टी टाकून येनारा. आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं, तालीम कराले टाईम कुठी हाय? एका मानसाच्या डोक्यात इतके नाटकं राहू शकते का, तुमीच सांगा. म्हनून प्रॉम्टर लागते. स्टेजच्या पुढं खड्डा खनते, त्यात पेटीवाला, तबलेवाला, अन् मधात मी, हातात पुस्तक अन् डोक्यावर एक बल्ब. मी खालून वाक्य सोडतो, वरचा उचलते. तीस-पस्तीस वर्स झाले, मी साऱ्या झाडीपट्टीत राजा झालो, पोलीस झालो, सासू झालो, रडनारी नवरी झालो, पन खड्ड्यात बसून. लोकायनं माहा चेहरा पाह्यला नाई, टक्कल पाह्यलं.

तुमी म्हनान का मंग लोकायले प्रॉम्टरचा आवाज आयकू येत नाई का? येते ना जी! पुढच्या दहा रांगांले चांगला येते. पन आमचा मानूस तो आयकत नाई. लग्नात भटजी मंत्र म्हनते अन् आपन नवरीकडं पाहतो, तसं. एकदा आरमोरीकडच्या गावात एक बुढा माह्या मागंच बसलता, मी त्याले मधल्या टायमात इचारलं का बाबा, माह्या आवाजाचा तरास तं होत नाई? तो म्हने, कोनता आवाज गा? सांगा आता. याले अडानीपना म्हनाव का? हे पाहन्याचं शिक्शन हाय, बापजाद्यायपासून आलेलं. नाटक कुठी पाहाचं अन् कुठी नाई पाहाचं हे आमच्या सात वर्साच्या पोट्टीले बी कळते.

तं आता यमुनाबाई. तुमी वही-पेन घेऊन तिच्यासाठीच आले, मले माहीत हाय. सारेच त्या बक्षिसाचं इचाराले येते अन् हसत हसत इचारते. तुमी हसून नाई राह्यले अजून, म्हनून सांगतो.

यमुनाबाई राजुऱ्याची. कोळशाच्या खानीजवळची वस्ती, नवरा सोडून गेलता, एक पोरगी पदरात. अक्षराची वळख नाई, सही म्हनून आंगठा. पयले रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडे, तिथी गानं म्हने, ते कोन्या तबलेवाल्यानं आयकलं अन् तिले कंपनीत आनलं. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. तरनी होती तरी तिनं आईचंच काम केलं, पयल्या दिवसापासून आईचं. नाकीडोळी साधी, पन स्टेजवर उभी राह्यली का वाटे का आपल्याच घरातून कोनी उठून तिकडं गेलं.

अन् तिचं रडनं, काय सांगू तुमाले! मी ते रोज खालून पाहो अन् तरी माहा पुस्तकावरचा शब्द पुसट होये. तिले नाटकाची कथाच माहीत नसे, बाप्पा! मालक म्हने, बाई, कथा तरी आयकून घ्या. ती म्हने, नोको, मले अगोदर सांगतलं तं मी रडू कशी? घरी मानूस मरते तं अगोदर सांगून मरते का? सात-आठ खेपा झाल्यावर तिले माहीत होयेच ना, पन स्टेजवर येताना ती डोकं रिकामं करून ये. मले म्हने, दामाभाऊ, तुमचा शब्द आल्याबिगर मले काईच ठाऊक नाई. म्हनून मी बाकीच्यायले पूरं वाक्य देओ अन् बाईले तीन-तीन शब्द. तीन शब्द, मंग तिचा श्वास, मंग तीन शब्द. पोरगा मेल्याची बातमी तिले माह्या तोंडून अन् तिच्या तोंडून साऱ्या गावाले, एकाच टायमाले. पाच-पाच हजार मानूस बसलेलं राहे अन् लुगड्याच्या पदरानं नाक पुसन्याचा आवाज आमाले खड्ड्यात आयकू ये. पंधरा वर्स आमी असं काम केलं. मी कधी तिच्या घरी गेलो नाई, ती माह्या घरी आली नाई, पन तिचा श्वास कुठी तुटते हे तिच्या पोरीपेक्शा मले जास्त ठाऊक होतं.

मंग तो महोत्सव आला. दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट हाय, साल काई ध्यानात नाई. जिल्ह्याच्या ठिकानी मोठा महोत्सव, नाटक बी, हास्याचे कार्यक्रम बी, नाच, गानं, भिंतीले लावलेले चित्रं, सारं पाच दिवसात, थंड्या हवेच्या हॉलमधी. पत्रिकेवर लिहलं, झाडीपट्टीच्या लोककलेचा सन्मान. आमचा मालक तं हवेतच गेला. एवढ्या कंपन्या सोडून आमाले बलावलं म्हने. नाटक कोनतं, तं आमचं चाललेलं, 'माय उभी दारात'. त्यात आईचा एकुलता एक पोरगा खानीत कामाले, आई भात रांधून दारात उभी, अन् त्याचा दोस्त येऊन सांगते का खान बसली, पोरगा आत गाडल्या गेला. हेच पाऊन घंट्यात करून दाखवाचं. अन् खाली बारीक अक्षरात लिहलं, प्रॉम्टिंग चालणार नाही.

मालक अन् मी दोघंई गेलो समजवाले. महोत्सवाचे कार्यवाह होते एक, जाकीट घातलेले, बोलनं लय गोड. मी म्हनलं साहेब, आमचं नाटक प्रॉम्टरवरच चालते, तेच आमचं तंत्र हाय. ते म्हने, अहो, प्रॉम्टिंग म्हणजे परीक्षेत कॉपी, बाहेरचे परीक्षक येणार आहेत, आपल्या भागाची अब्रू जाईल, जरा पाठांतर करा, पाठांतराशिवाय का नाटक असतं? आता हा मानूस मले नाटक शिकवते! नाचता येईना अंगन वाकडं म्हनते ना, इथी तं नाचनाऱ्याचं अंगनच उकरून नेलं अन् म्हनते नाच आता. अन् तुमाले सांगतो, याच साहेबानं उद्घाटनाचं भाषन कागद पाहून वाचलं, पाहुन्यानं बी कागद पाहून वाचलं, सूत्रसंचालन करनारीच्या हातात तं कागदायचा गठ्ठाच होता. कागद माईकपाशी धरला तं विद्वान, अन् खड्ड्यात धरला तं कॉपी! सन्मान कराले बलावता ना आमचा? मंग आमचा अर्धा जीव दाराबाहेर ठेवून कोनाचा सन्मान करता?

पन मालकाले जाचंच होतं. मंग पाठांतर कोन करवन, तं मीच. दोन महिने मी राजुऱ्याले जाऊन बसलो, वस्तीतल्या समाजमंदिरात, मी म्हनो अन् बाई माह्या मागं म्हने. तिचं डोकं तेज, पाठ झालं तिले. पन झालं काय, का मी तिले माह्या सवयीनंच शिकवलं, तीन-तीन शब्द. तं तिनं शब्द पाठ केले अन् मधातले थांबे बी पाठ केले. हे माह्या ध्यानातच नाई आलं जी. आमाले दोघायले ते बराबरच वाटे, कारन मी समोर बसलेला राहो अन् माहे ओठ हलत राहे.

महोत्सवात मले हॉलमधी बसवलं, मधातल्या रांगेत, गादीची खुर्ची. आयुष्यात पयल्यांदा मी आपल्या कंपनीचं नाटक लोकायमधी बसून पाहून राह्यलो होतो. पडदा उघडला. बाई आली. तीन शब्द बोलली अन् थांबली, मंग तीन शब्द, मंग थांबली, अन् दर थांब्याले तिची नजर खाली, स्टेजच्या पुढच्या काठावर, जिथी खड्डा पाह्यजे तिथी. तिथी कुंड्या ठेवल्या होत्या शेवंतीच्या. लोक खुसुखुसु हसाले लागले. माह्या बाजूले एक मॅडम होत्या, त्या म्हने, कित्ती क्यूट बोलते ही.

अन् मंग तो दोस्त आला स्टेजवर अन् म्हनला, मावशी, खान बसली. अन् बाई उभी. उभीच. पुढचं काईच नाई. तिले शब्द येत होते हो, चांगले पाठ होते, पन पंधरा वर्स ज्या आवाजानं तिले ती बातमी देल्ली तो आवाज आला नाई, तं तिच्यासाठी ते पोट्टं मेलंच नाई! मी मनात म्हनून राह्यलो, बोला बाई, बोला. मंग ती सरळ पुढं आली, शेवंतीच्या कुंड्यायपाशी, डोळ्यावर हात धरला लाईटीच्या उजेडाले आडवा, अन् अंधारात पाहून म्हने, दामाभाऊ, कुठी हाय जी तुमी? सांगा ना पुढचं.

सारा हॉल फुटला. असे हसले, असे हसले, का खुर्च्या वाजाले लागल्या. आता तुमीच सांगा मी काय करू? बोललो तं नियम मोडते, कंपनी बाद होते. नाई बोललो तं माही बाई एकटी उभी, वल्या आंगाच्या कुत्रीले पोट्टे दगडं मारते तशी. मी उठलो. उभा राह्यलो अन् सोडला आवाज, माझ्या पोराचं ताट... वाढून ठेवलं आहे... अजून तो जेवला... नाही. अन् बाईनं उचललं. अन् रडली, जशी गावात रडे तशीच रडली, काकनभर बी कमी नाई. अन् ते हसत राह्यले! शेवटपर्यंत हसत राह्यले. त्यायनं एकदा ठरवलं ना का हे हसाचं हाय, मंग माय मरो का पोरगा मरो. माह्या बाजूच्या मॅडमच्या डोळ्याले पानी आलं, पन हसून हसून आलं. गाढवाले गुळाची चव काय, दुसरं काय म्हनू मी?

मले वाटलं आता बाद करन अन् हाकलून देईन, तं बरंच होईन. पन नाई, शेवटल्या दिवशी नाव पुकारलं. सर्वोत्कृष्ट विनोदी प्रयोग! परीक्षक माईकवर म्हने, प्रॉम्टरला प्रेक्षकांत बसवून त्यालाच पात्र बनवण्याची ही कल्पना, झाडीपट्टीची ही अस्सल विनोदबुद्धी, वा. जखम मांडीले अन् मलम शेंडीले. मालकानं बत्तीस दात काढून ढाल घेतली. बाईले शाल देल्ली. ती खाली आली अन् मले इचारे, भाऊ, विनोदी म्हनजे हसाचं ना? मी म्हनलं हाव. ती म्हने, मी एवढी वाईट रडली का जी? मी म्हनलं नाई बाई, तुमी चांगल्याच रडल्या, ह्यायचे कान खराब हाय. तिनं शालीची घडी घातली, पिशवीत ठेवली, अन् बसमधी जाऊन बसली.

इथपर्यंत जो राग हाय ना, तो मी साऱ्यायले सांगतो. जाकीटवाल्यावर राग, परीक्षकावर राग, त्या मॅडमवर राग. पन आता पुढचं सांगतो ते कोनाले सांगतलं नाई.

पेपरात फोटो आला. बाईचा नाई, माहा. हॉलच्या मधात उभा असलेला, तोंड उघडं, बोट वर. माह्या बायकोनं तो कापून दाराच्या आतून चिकटवला. गावात गेलो तं पोट्टे मागं, दामाकाका हिरो झाला. सरपंच, ज्यानं मले कधी खुर्ची देल्ली नाई, तो म्हने ये बस, चहा घे. अन् मले गोड वाटलं जी. खोटं कायले बोलू? वीस वर्स खड्ड्यात बसलेल्या मानसाचं तोंड लोकायनं पयल्यांदा पाह्यलं, तं मले ते गोड वाटलं. बाई राजुऱ्याले काय करून राह्यली असन, तिले कोन काय म्हनत असन, हे मी एकदाबी मनात आनलं नाई.

दुसऱ्या वर्सी चिठ्ठी आली. या खेपेले पूरं नाटक नोको म्हने, हास्याच्या दिवशी पंधरा मिनिटं द्या, फक्त तोच प्रवेश, बाई अडकते, प्रॉम्टरला हाक मारते, प्रॉम्टर उठतो. लोकांना फार आवडलं. मालक माह्या घरी आला, म्हने दामा, या खेपेले तुह्यावर लाईट टाकनार हाय, वेगळी लाईट, फकस्त तुह्यासाठी. काय म्हनतं? मी म्हनलं, हो. तो म्हने बाईचं काय? मी म्हनलं, बाईचं माह्यावर सोडा, मी सांगतलं का ती आयकते. बस, एवढंच बोललो. मालकानंच तिले सांगावा धाडला, अन् तिनं एकच इचारलं म्हने, भाऊनं हो म्हनलं का? हो म्हनलं. मंग ठीक हाय.

तोच हॉल, त्याच कुंड्या. मले नवीन सदरा घेऊन देलता मालकानं. बाई आली, तीन शब्द, थांबली, अन् लोक तं तयारच होते, पयल्या थांब्यालेच हसाले लागले. दोस्त आला, म्हनला मावशी, खान बसली. बाई पुढं आली. ठरल्यापरमाने माह्यावर लाईट पडली, मी उठलो, हॉलमधी टाळ्या. आता ती डोळ्यावर हात धरन अन् म्हनन, दामाभाऊ, कुठी हाय जी तुमी.

तिनं हात वर केलाच नाई. माह्याकडं पाह्यलं बी नाई. ती बाजूच्या पोरीले बोलावं तशी बोलाले लागली, पुस्तकातलं नाई, तिच्या वस्तीतलं. भोंगा अवेळी वाजला तवाच मले कळलं वं, म्हने. चूल इझवू नोको, पानी तपून राह्यलं, तो आला का आंग धुईन. कोळशानं काळा झाला असन, मले वळखू येईन का नाई, पन त्याचे पाय मी वळखीन, त्याच्या पायाचं बोट लहानपनी बैलबंडीखाली आलतं. सारं आंग झाकून ठेवसान तरी पायावरचं फडकं तेवढं काढा जी. असं बोलत राह्यली. खानीच्या वस्तीतल्या बायका काय बोलते ते मले कुठून माहीत राहाव? हे कोनत्याच पुस्तकात नव्हतं. पयले काई लोक हसले, सवयीनं, मंग एकेक करून बंद झाले. अन् मी लाईटीत उभा, तोंड उघडं, नवीन सदरा, अन् तोंडात एक शब्द नाई. मागून एक बाई म्हनली, ओ काका, बसा ना खाली, दिसत नाहीये. मी बसलो.

त्या खेपेले बक्षीस नाई, काई नाई. कार्यवाह मालकाले म्हने, ठरलेला आयटम तुम्ही केला नाहीत, हास्याच्या दिवशी लोकांना रडवलंत, हे बरोबर नाही. हे बराबर नाई म्हने! मालकानं तो सारा राग बाईवर काढला. बाईनं तो हंगाम पुरा केला, माहे तीन-तीन शब्द उचलले, नेमानं उचलले, पन मधात माह्याकडं पाहे ते पाहनं गेलं. पुढच्या वर्सी ती दुसऱ्या कंपनीत गेली, मंग गुडघे गेले तं घरी बसली. अन् मी? मी साऱ्यायले सांगत फिरलो का शहरवाल्यायनं आमच्या बाईची थट्टा केली. तीच गोष्ट, दर मंडईत. लोक म्हने दामा, तुह्या बोलन्यात आग हाय. हाय ना आग, पन ती कोनाले लागाले पाह्यजे होती?

मागच्या दिवाळीच्या अगोदर मी एसटीनं राजुऱ्याले गेलो. पयल्यांदा कामाबिगर गेलो. बाई ओसरीत सुपात तूर निवडत बसलती, केस पांढरे झाले, नातू शाळेत गेलता. या भाऊ म्हनली, चहा ठेवाले लावला पोरीले. मी जाताना ठरवलं होतं का माफी मागू, पन तोंडातून निंघालं भलतंच. मी म्हनलं बाई, त्या दिवशी तुमी मले हाक काऊन नाई मारली? मी तिथी बुजगावन्यासारखा उभा होतो.

तिनं तुरीतला खडा काढून फेकला. म्हने, भाऊ, पंधरा वर्स तुमी सांगतलं ते मी बोलली. चुकीचं सांगतलं असतं तरी बोलली असती. जे हसले ते परके होते, त्यायचा मले राग नाई, अजूनबी नाई. पन मालकाले हो म्हनताना तुमी मले एका शब्दानं इचारलं नाई.

मी म्हनलं, भेलो बाई. इचारलं असतं तं तुमी नाई म्हनलं असतं.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हने, हो म्हनली असती जी. तुमचं तोंड एकदा लोकायनं पाहाव असं मले लय वर्सापासून वाटे.

चहा आला, मी पेलो. गोड होता का फिक्का, काई कळलं नाई. बसस्टँडवर आलो तं दोन गाड्या निंघून गेल्या अन् मी तसाच बसून.

तं असं हाय. मी अजून खड्ड्यात बसतो, आवाज अजून चांगला हाय देवाच्या किरपेनं, पुढच्या महिन्यापासून हंगाम सुरू होते. तुमी हे सारं लिहून घेतलं, चांगलं केलं. पन छापू नोका अजून. अगोदर राजुऱ्याले जा, खानीकडच्या रस्त्यानं समाजमंदिराच्या मागचं घर, कोनीबी दाखवन. बाईपाशी बसा, तिले पयल्या शब्दापासून वाचून दाखवा, तीन-तीन शब्द वाचा, घाई करू नोका. अन् मंग तिले इचारा का छापू का. ती हो म्हनली तरच छापा. नाई म्हनली तं फाडून टाका, माहं काई म्हननं नाई. देव तिले सुखात ठेवो.